नवऱ्याला आधी बाहेर बसवा

…आणि वर म्हणे व्हर्नाने घराण्याचं नाक कापलं, होत आलेला सौदा मोडला. मी? मी काय केलं? कागद काढले. आणि कागद काढायला मला धाडलं कोणी? आमच्या थोरल्या दिरांनी, एलवुडभावजींनीच. तुम्हाला सांगते, ऑगस्टात आम्हा हेफेलफिंगरांचा मेळा भरतो, दोनशे माणसं, डबे भरभरून हॅम आणि बटाट्याचं सॅलड, आणि यंदा सगळ्यांना वाटायला पुस्तिका हवी. आमचा मूळपुरुष योहान निकोलाउस १७३८ साली जर्मनीहून जहाजाने इथे आला आणि ही जमीन त्याने कशी धरून ठेवली, त्याची पुस्तिका. मुखपृष्ठावर छाती पुढे काढलेला निकोलाउस, चेहरा हुबेहूब भावजींचा, आणि खाली ओळ, 'प्राण जाईल पण जमीन जाणार नाही.' म्हणजे लिहून सगळं झालं होतं, पुरावा तेवढा राहिला होता. "व्हर्ना, तू जा ना दस्तांच्या कचेरीत, तुला काय काम असतं?" खरंच, मला काय काम असतं.

आता गंमत बघा. हेच भावजी एप्रिलपासून आमच्या लूथरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कानाशी लागले होते. "विकून टाक रे, गोदामवाले आलेत दारात, असं गिऱ्हाईक पुन्हा यायचं नाही." तीच जमीन बरं का, जिच्यासाठी प्राण जाणार होता. लूथरचे गुडघे गेलेले, त्याला पटलं. "सही कर व्हर्ना, तुझीही लागते. गावात राहू, चिखल नाही, गोठा नाही, जिना नाही." एकावन्न वर्षं मी ज्या खिडकीशी भांडी घासली, तिथून मला गोदामाची भिंत बघायची नव्हती. पण गुडघे त्याचे, जमीन त्याच्या बापजाद्यांची, मी कोण बोलणार?

तर गेले. कचेरीचं तळघर, दस्तांची पुस्तकं अशी की एक उचलायला दोघं लागावीत. आणि चतुःसीमा काय लिहिल्यात म्हणता… 'पांढऱ्या ओकपासून सुरुवात, तिथून दगडांच्या ढिगापर्यंत, तिथून विधवा श्लेगेलच्या पडलेल्या हिकरीपर्यंत.' अहो, पडलेलं झाड अडीचशे वर्षं माझी वाट बघत पडून राहील का? ओकचं सरपण झालं, विधवा देवाघरी गेली, राहिले दगडांचे ढीग, ते आमच्याकडे पायलीला पन्नास. तीन मंगळवार असेच गेले.

चौथ्या मंगळवारी सापडला. जुन्या मोजणीच्या नकाशात घडी घालून ठेवलेला दस्त, साल १७७२. उघडते तर काय, निकोलाउसने जमीन विकलेली. सगळी. लोखंडाच्या भट्टीवाल्याला, त्याला कोळशासाठी जंगल हवं होतं. खाली सही, ठसठशीत. हे मी नाही म्हणत, कागद म्हणतो.

मग जमीन आमच्याकडे राहिली कशी? मी पान उलटलं. त्या काळी नवऱ्याने जमीन विकायला काढली की न्यायाधीश नवऱ्याला बाहेर काढायचा, दार लावायचा आणि बायकोला एकटीला विचारायचा, "बाई, खुशीने देतेस की धाकाने?" बायका काय सांगणार? नवरा दाराशी उभा, घरी जायचं त्याच्याच गाडीतून. खुशीने, खुशीने, खुशीने… तीन मंगळवारांत मी दोनशे वेळा 'खुशीने' वाचलं. आणि इथे लिहिलंय, 'सदर निकोलाउसची बायको आपोलोनिया हिला वेगळं बसवून मजकूर तिच्या भाषेत समजावला. ती नाही म्हणते. पुन्हा विचारलं. नाही म्हणते.' खाली सहीऐवजी नुसती फुली. तिच्या होकाराशिवाय सौदा पक्का होईना, भट्टीवाल्याने काढता पाय घेतला.

मला रडूच फुटलं, तिथेच. कचेरीतली डॉरिस धावत आली, "काय झालं आजी, वाईट बातमी?" म्हटलं, "नाही गं. आमच्या घरची पहिली सून सापडली."

भावजींना दस्ताचा उतारा दाखवला. चष्मा लावून वाचला, काढून वाचला. "हे पुस्तिकेत जाणार नाही." "का?" "मूळपुरुष विकणारा कसा असेल? आणि ती बाई, ती तर बाहेरून आलेली." "मीही डोंगरापलीकडूनच आले, भावजी." "व्हर्ना, तू उगाच फाटे फोडतेस." फाटे मी फोडते? हे मी नाही म्हणत, कागद म्हणतो.

शुक्रवारी वकिलाकडे सह्या होत्या. वकिलाने पेन पुढे केलं. मी म्हटलं, "आधी याला बाहेर बसवा."

"कोणाला?"

"माझ्या नवऱ्याला."

"बाई, तो कायदा केव्हाच गेला."

"कायदा गेला असेल. दार आहे ना?"

लूथर म्हणाला, "व्हर्ना, अगं माझे गुडघे…" म्हटलं, "बाहेर खुर्ची आहे, गादीची." गेला बिचारा. दार लागलं. वकील घसा खाकरून म्हणाला, "बरं, खुशीने देताय?" म्हटलं, "नाही." म्हणाला, "पुन्हा विचारू?" म्हटलं, "विचारा की, तशी रीतच आहे." विचारलं. "नाही." काय सांगू तुम्हाला, चौऱ्याहत्तर वर्षांत मला पहिल्यांदा कोणी दार लावून माझं मत विचारलं होतं, आणि तेही मीच मागून घेतलं.

घरी येईपर्यंत अकरा मैल गाडी लूथरनेच चालवली. गोठ्यापाशी गाडी थांबवली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "राहिली ना जमीन? मग उद्यापासून धाराही तूच काढ." आणि खुर्चीत जाऊन बसला, तो आजतागायत.

काढतेय. पहाटे साडेचारला उठते. पहिल्या आठवड्यात वाटलं, एक दिवस जरा पडून राहावं. सदतीस जणी हंबरायला लागल्या. नवऱ्याला नाही म्हटलं, दिरांना म्हटलं, वकिलाला तर दोनदा म्हटलं… पण गाईला कोण म्हणणार हो?