तांबड्या मुंग्यांचे डोहाळे

(खानापूरच्या रानातलं एक गाव, दुसऱ्या महायुद्धाच्या सालातला चैत्र. दुपार कलती. गुणाबाईच्या परड्यात फणसाखाली तिची विहीण, उचगावची अक्काताई, नाकाला पदर लावून उभी आहे. अक्काताईचा लेक, म्हणजे गुणाबाईचा जावई भरमू, पलीकडं बैलं धरून उभा.)

अक्काताई : पाणी नको, पाट नको, गूळबी नको. तुमच्या घरातलं मी तोंडाला लावत न्हाय, ठाऊक हाय न्हवं तुम्हाला?

गुणाबाई : ठावं हाय की. संक्रातीला अख्ख्या उचगावानं ऐकलंय. मग दिसभर गाडी हाकून आलासा कशाला? माझं तोंड बगायला?

अक्काताई : त्यात काय बघायचं हाय? हिकडनं चाललोतो. म्हणलं उभ्या उभ्या जावं.

गुणाबाई : हिकडनं कुटं? म्होरं रस्ता संपला. म्होरं रान हाय आनि रानात अस्वल हाय. त्येच्याकडं चाललातासा?

अक्काताई : बाई बाई, काय जीभ म्हणायची ही!

गुणाबाई : जावईबापू, बैलास्नी तरी पानी दावा. बैलं पाळत्यात का तुमच्यात सोवळं?

भरमू : दावतो, मामी.

अक्काताई : तू गप रं. बैलं धर नुसती.

गुणाबाई : माझी मनू बरी हाय?

अक्काताई : हाय. दिवस गेलेत तिला. पाचवा सरला.

गुणाबाई : पाचवा सरला! आनि मला आज सांगताय? पोरीच्या आईला?

अक्काताई : सांगून काय करणार होतासा? गाडगं भरून मुंग्या धाडणार होतासा? तेच तर बंद केलंय मी.

गुणाबाई : लेकीला आवडती म्हनून संक्रातीच्या वानासंगं वाडगाभर चटनी आनलीती मी. तुमी गल्लीदेखत उकिरड्यावर भिरकावलीसा.

अक्काताई : मग देव्हाऱ्यात ठेवायची होती? अवो, फडकं काढलं आणि पाय दिसले, पाय! बारीक बारीक, काळपट. आमच्या घरात बासमती शिजतो, इहीणबाई. ह्या लढाईच्या दिवसात, सगळी दुनिया रेशनच्या रांगेत उभी असताना बासमती शिजतो. मुंगीला आम्ही साखर घालतो.

गुणाबाई : आनि आमी मीठ घालतो.

अक्काताई : लाज कशी वाटत न्हाय बाई बोलायला!

गुणाबाई : कशाची लाज? माझ्या आजीनं खाल्ली, आईनं खाल्ली. खोकल्याला, हिवतापाला हितं दुसरं औशीद न्हवतं. ज्या साली पाऊस बुडाला तवा आमी हेच्यावर भाकरी ढकलली. आनि खेकडं खाता न्हवं तुमी? त्येचं पाय चोखताना बरं दिसत न्हाईत ते!

अक्काताई : खेकडा येगळा. खेकड्याला चव हाय, मान हाय. पावण्याच्या ताटात वाढता येतो. मुंगी खाणाऱ्याला काय म्हणावं? रानातली माणसं ती रानातलीच. सोयरीक करताना आमच्या ह्यांनी डोळ्यांवर कातडं वढलंतं. गोरी पोरगी बघितली आणि भुलले.

गुणाबाई : इहीनबाई, एवढं बोलायला तुमी एवढ्या लांब आला न्हाईसा. काय पायजे त्ये बोला.

अक्काताई : तिला काय पचत न्हाय.

गुणाबाई : मनूला?

अक्काताई : मग आणि कुणाला? चिंच दिली, कैरी दिली, आमसूल दिलं. बेळगावच्या कॅम्पातनं बिस्किटं आणली, सोडावाटर आणलं. डाक्टरनं बाटली दिली ती वेगळीच. एक घोट पोटात ठरंल तर शपथ. सगळं उलटून पडतंय.

गुणाबाई : मग?

अक्काताई : मग काय मग? डोहाळं लागलेत.

गुणाबाई : कशाचं?

अक्काताई : त्याचंच.

गुणाबाई : त्येचंच म्हंजे कशाचं?

अक्काताई : तुमच्या त्या घाणीचं.

गुणाबाई : शेनाचं व्हय? गोठ्यात हाय की. न्या पाटीभर.

अक्काताई : चेष्टा करू नका हं!

गुणाबाई : चेष्टा कुटली? खायाचं मागाय आलासा, तर त्येचं नाव घ्या.

अक्काताई : माझ्या तोंडानं यायचं न्हाय ते.

भरमू : मुंग्या, मामी. तांबड्या मुंग्यांची चटणी मागतीया ती. झोपंतसुद्धा तेच पुटपुटतीया. आता पाणीबी ठरंना पोटात. धरून बसवाय लागतंय तिला. हातातल्या बांगड्या पार कोपरापातूर सरकत्यात.

अक्काताई : तुला कुणी इचारलं?

गुणाबाई : कोपरापातूर? माझ्या मनूच्या?

भरमू : व्हय.

गुणाबाई : आगं माझे बाय! आनि मी हितं थट्टा करत बसलो! पयलं हेच सांगायचं न्हवं? पोर तिकडं सुकत चाललीया आनि ह्या हितं बासमतीचं कौतुक सांगत्यात! मानूस हाय का कोन हाय तुमी?

अक्काताई : आवाज चढवू नका. मला काय हौस आलती हितं यायची? डोहाळं पुरवलं न्हाय तर नातू जन्मभर लाळ गाळत फिरंल. उद्या पोरीला काय झालं तर गल्लीतल्या बाया म्हणतील, अक्काताईनं सुनंला उपाशी मारली. म्हणून आलो. तुमच्यासाठी न्हाय आणि तिच्यासाठीबी न्हाय.

भरमू : आये!

गुणाबाई : असू द्या, जावईबापू. कशापायी का हुईना, आल्यात न्हवं. कोयता घ्या आनि चढा फणसावर. त्या डाव्या फांदीला पानांचा गोळा हाय बगा, शिवल्यावानी. त्येच मुंग्यांचं घर.

अक्काताई : माझा लेक चढायचा न्हाय! फोडून खातील त्याला!

गुणाबाई : चावतीलच. जावई हाय म्हनून सोडत न्हाईत त्या.

भरमू : चढतो मी. सर गं आये. आयाया! मानंत शिरल्या! मामी, डोळ्यावर आल्या!

गुणाबाई : डोळं मिटा आनि देठाकडनं तोडा. फांदीसकट सावकाश सोडा खाली. इहीनबाई, हंडा धरा!

अक्काताई : मी? मी हात लावायचो न्हाय.

गुणाबाई : मी फांदी झेलू का हंडा धरू? नातू कुनाचा हाय? धरा म्हनतो न्हवं!

अक्काताई : धरतो बाई, धरतो. शी शी शी! हातावर चढल्या! लुगड्यात शिरली एक! आई आई आई! अवो, हे खाणं हाय का दरोडा!

गुणाबाई : हंडा सोडू नका. हं, पडलं आत. फडकं आवळा. झालं.

अक्काताई : जळ्ळं मेलं खाणं! हात बघा माझा, कसा तांबडालाल झाला. द्या आता पटकन वाटून. निघतो आम्ही.

गुणाबाई : हितं वाटून उपेग न्हाई. जाईस्तवर चटनीचा आंबटपना उडून जातोय, निस्तं तिखट ऱ्हातंय. मनूला आंबटच पायजे आसंल. जित्या न्यायच्या आनि खायाच्या वक्ताला वाटायच्या. थांबा, लुगडं बदलतो आनि आलोच.

अक्काताई : आलोच म्हणजे? कुठं?

गुणाबाई : तुमच्यासंगं. दुसरं कोन वाटनार?

अक्काताई : अंहं. गल्लीदेखत बोललोय मी. तुमचं पाऊल माझ्या उंबऱ्याला लागलं, तर त्या घरात मी पाणी पिणार न्हाय.

गुणाबाई : मागल्या दारानं येतो की.

अक्काताई : मागलं दारबी माझंच.

गुणाबाई : मग गोठ्यात बसतो. तितं वाटतो. पोरीला लांबनंच बगतो आनि चालत म्हागारी येतो. पाया पडतो तुमच्या, इहीनबाई.

भरमू : आये, येऊ देत की त्यास्नी. कुणाला कळतंय?

अक्काताई : तू बैलं जुंप! शब्द म्हणजे शब्द. आज गोठ्यात आल्या की उद्या चुलीजवळ बसतील. कसं वाटायचं ते सांगा मला. मी वाटीन.

गुणाबाई : तुमी? तुमच्या पाट्यावर?

अक्काताई : माझ्याच पाट्यावर. मागनं राखंनं घासून काढीन.

गुणाबाई : म्हंजे मुंगी घरात चालतीया. आई चालत न्हाई.

अक्काताई : मुंगी उलटून बोलत न्हाय.

भरमू : आये, गप की गं आता.

गुणाबाई : बरं. ऐका तर. तवा चांगला तापवा. पानं झटकून मुंग्या तव्यावर वता आनि वरनं झाकान दाबून धरा. तडतड थांबली की उतरा. लसून, सुकी मिरची, मूठभर खोबरं. पानी घालू नका. मीठ बेतानं, तिला खारट सोसत न्हाई. भरड वाटा.

अक्काताई : आणि जमली का न्हाय, कळायचं कसं?

गुणाबाई : जिभंला लावून बगायची.

अक्काताई : मेलो तरी न्हाय!

भरमू : मी बघीन, मामी.

अक्काताई : बघ, बघ. सासुरवाडीचाच झालास तू. चल, बस म्होरं. आणि तो हंडा माझ्यापासनं लांब ठेव.

भरमू : मामी, येतो. काळजी करू नका. तिला सांगतो, तुझ्या आईनं दिलीया म्हणून. तेवढ्यानंच निम्मी बरी हुईल ती.

गुणाबाई : न्हाई, जावईबापू. तसं सांगू नका.

भरमू : मग काय सांगू?

गुणाबाई : सासूनं केलीया म्हना. लई मायेनं केलीया म्हना. तिला तितंच ऱ्हायाचं हाय.