निक्लाउसची बंदूक

नाही बाई, असा आल्या आल्या दस्ता तासायला घेत नसतात — ठेवा, बाकावर ठेवा, नळी भिंतीकडे — सैन्यातली बंदूक आहे, दस्त्याला खड्डे असणारच, खिळ्यांच्या बुटांतला बर्फ पोरं त्यावरच आपटून झाडायची. तुम्हाला चकचकीत कशाला हवी? विकायला? बर्नचे व्यापारी असेच गोड बोलतात, हल्ली बायकांना पाठवतात म्हणे. तुम्ही त्यातल्या नाही? बरं — चोर कधी सांगतो का, मी चोर म्हणून?

थांबा, आधी दस्त्यामागची ही लोखंडी पट्टी काढू दे. आपला शिपाई हिच्याखाली नावाची चिठ्ठी ठेवतो, म्हणजे कुणाची ते कळतं — दोनच स्क्रू — हं. चष्मा कुठंय... निक्लाउस झाउग.

कुणी पाठवलं तुम्हाला? खरं सांगा. खोऱ्यात चार बंदूकवाले, आणि तुम्ही नेमक्या त्याच्या भावाच्या दारात? चाळीस वर्षं तोंड बघितलं नाही आम्ही एकमेकांचं. मुलगी? त्याची? मग आलं लक्षात. दस्ता हे नुसतं निमित्त. त्यानं सांगितलं असणार — जा, त्याच्यापुढं ठेव, बघ त्याचा चेहरा कसा पडतो ते! नळीच्या टोकावरची ही माशी दाखवायला पाठवलंय ना, जिच्यावरून नेम धरतात? तिच्यावरचे हे हातोडीचे दोन ठोके? माझेच आहेत, जा सांगा! दर वर्षी पदक त्याच्या छातीवर, आणि बाबा जेवताना मला म्हणायचे, तू आपला कानस घास. एकदा हरावा, एवढंच होतं मनात. नेमबाजीच्या आदल्या दिवशी एक हलका ठोका — सगळ्या गोळ्या डावीकडे. पण ती सरकारी, सक्तीची नेमबाजी. नापास झाला, नापासांच्या वर्गात बसवला, गाव हसलं. बंदूक तपासायला कुणाकडे आणली? माझ्याकडेच. गावाचा बंदूकवाला मीच ना! 'काही दोष नाही' असं लिहून दिलं, सही केली, आणि गुपचूप दुसरा ठोका मारून माशी जागेवर आणली. त्याला हे कळलं, म्हणूनच तो गाव सोडून गेला. मला माहीत आहे.

काय? परत बोला.

डोळे? कुणी म्हटलं त्याला, डोळे गेले म्हणून? — स्वतःच ठरवलं? बंदुकीत दोष नाही, म्हणजे डोळ्यांतच असणार, असं? पण घड्याळाच्या कारखान्यात शिकत होता की तो, केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यानं बसवायचा... सोडलं? तेव्हाच? आणि चाळीस वर्षं काय, दुधाची गाडी धुतोय? आणि बंदूक — मला? माझ्यासाठी? आधी नीट करून घे म्हणाला, काकाला अशी खरवडलेली कशी द्यायची — आणि खोऱ्यातलं पहिलं दुकान दिसलं म्हणून शिरलात, हे काकाचंच ते ठाऊक नव्हतं?

म्हणजे त्याला काहीच... आणि मी आत्ता तुमच्यापुढं...

नको. हात लावायचा नाही मला तिला. घेऊन जा. जा म्हटलं ना, बाई — दुकान बंद आहे.