शेजारचा बंब

मी, लालासाहेब बाबूराव थोरात, वय ६९ वर्षे, धंदा शेती, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त, रा. कोपरवाडी, ता. कराड, जि. सातारा. कोणी न बोलावता आज सकाळी पोलीस ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की,

मी वरील ठिकाणी एकटाच राहतो. पत्नी विजयमाला चार वर्षांपूर्वी छातीच्या आजाराने मयत झाली. तिने आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. चुलीच्या धुराने फुप्फुसे गेली, असे कराडच्या डॉक्टरांनी सांगितले. मी सैन्यात होतो त्या सगळ्या वर्षांत घरात गॅस घ्यायचा राहून गेला होता. मुलगी शिवांजली बंगळूरला असते, रविवारी फोन करते. मला स्वतःला दमा आहे.

माझ्या घराला लागून भावकीतल्या धोंडुबाई आप्पासो थोरात, वय ७३, यांचे घर आहे. मी त्यांना वैनी म्हणतो. त्याही एकट्याच असतात, मुलगा विश्वजित पुण्यात कंपनीत आहे. दोघांच्या परसांमध्ये छातीएवढी भिंत आहे.

वैनी रोज पहाटे परसात पाणी तापवायचा तांब्याचा बंब पेटवत. नुसती चिपाडे जाळली असती तर मी एवढे बोललो नसतो. पण पेटवणाला त्या दुधाच्या पिशव्या, फाटक्या चपला, सायकलची ट्यूब, हाताला येईल ते घालत. तो काळा धूर थेट माझ्या स्वयंपाकघरात येई. मी रोज भिंतीजवळ जाऊन हरकत घेत असे. त्या म्हणत, "आवं भावजी, बॉर्डरवर बंदुकीचा धूर खाल्लासा, आन् माझ्या बंबाच्या धुरानं मरताय व्हय?" मी म्हणे, "वैनी, गोळी एकदाच लागती. ह्यो धूर रोज लागतोय." यावर त्या चपलेचा आणखी एक तुकडा आत टाकत. ही बोलाचाली चहा गार होईपर्यंत चाले.

धुरावरून मी गावाशीही भांडलो आहे. उसाचे पाचट पेटवू नका, सरीतच कुजवा, फुकटचे खत होते, असे ग्रामसभेत सांगितले. माझ्या रानात मी तसेच करतो. गल्लीत कोणी कचरा पेटवला की जाऊन विझवतो. त्यामुळे लोक मला धूर-सुभेदार म्हणतात. म्हणोत बापडे. धूर वाईटच, हे माझे मत आजही बदललेले नाही.

दिवाळीत विश्वजित आला तेव्हा मीच त्याला समजावले आणि त्याने आईच्या स्लॅबवर पाणी तापवायचा सोलर बसवला. धूर बंद झाला. माझा दमा निम्म्यावर आला, तोंडात मारायचा फवारा नुसता पडून राहू लागला.

त्यानंतरही मी सवयीने भिंतीजवळ जात होतो. वैनी तोटीखाली बादली भरून घेत व आत जात. मी विचारले, "पाणी तापतंय का, वैनी?" त्या म्हणाल्या, "तापतंय की." दुसऱ्या दिवशीही तेच विचारले. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "रोज काय त्येच इचारताय?" मग मी विचारणे सोडले. घरकामाला येणारी मनुबाई भाकरी थापून ठेवते, पण तिला आणखी घरे करायची असतात, ती थांबत नाही. दुसरे कोणी माझ्याशी बोलणारे नाही. घर खायला उठते म्हणतात, ते मला तेव्हा कळले. स्वच्छ हवेत एकट्याने करायचे काय, ते डॉक्टरांनी सांगितले नव्हते.

वैनी सिद्धनाथाच्या यात्रेला म्हसवडला माहेरी गेल्या असताना मी दुपारी माझ्या गच्चीवर गेलो. शेवग्याच्या शेंगा काढायच्या आकडीने त्यांच्या सोलरच्या काचेच्या नळ्या फोडल्या. किती फुटल्या ते पंचनाम्यात आहे. हवालदारसाहेबांनी कारण विचारले. मी सांगतो की, धूर यावा म्हणून. त्यांनी पुन्हा विचारले. पुन्हा तेच सांगतो.

वैनी परत आल्या व त्यांनी माकडांच्या नावाने बोटे मोडली. विश्वजितने येऊन अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार दिली. पंचनाम्याच्या वेळी मी काही पाहिले नाही असे पोलिसांना सांगितले होते, ते खोटे आहे.

वैनी आल्यापासून मी रोज पहाटे भिंतीजवळ उभा राहू लागलो. काय बोलायचे तेही ठरवून ठेवले होते. "वैनी, आज कुणाची चप्पल?" असे विचारणार होतो. थंडी कडाक्याची होती. बंब परसात तसाच उभा होता, धूर काही आला नाही. पुढच्या दिवसांतही आला नाही.

काल मनुबाईला विचारले, वैनींचा बंब गळतो की काय. वैनींच्या घरचे काम तीच करते. ती म्हणाली, "बंबाला काय झालंय? वैनीच पेटवू देईनात. गार पाण्यानं आंघूळ करत्यात. म्हणत्यात, भावजींची छाती आत्ता कुठं मोकळी झालीया, परत कशाला धूर? सोलर नीट हुईस्तवर चालतंय की."

हे ऐकून मला माझी लाज वाटली. संध्याकाळी भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. एवढ्या वर्षांत त्या घरातून खोकला मी ऐकला नव्हता. विजयमालाचा सुरुवातीला असाच होता.

तरी नळ्या मी फोडल्या आहेत, दुसऱ्या कोणावर संशय घेऊ नये. नवीन नळ्या बसवणाऱ्याला कराडहून आजच बोलावले आहे. कायद्याने होईल ते मला मान्य आहे. फक्त पोलिसांनी ही गोष्ट वैनींना सांगू नये, मी स्वतः भिंतीजवळ जाऊन सांगेन. त्यांनी शिव्या दिल्या तर बरेच होईल. काही न बोलता आत निघून गेल्या, तर मात्र पुढे काय करायचे ते मला सुचत नाही.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर उतरला आहे. एक गोष्ट राहिली होती, ती माझ्या विनंतीवरून खाली घेतली आहे. आज निघण्यापूर्वी मी माझ्या गॅसवर बादलीभर पाणी तापवले, झाकण घालून भिंतीवर ठेवले आणि वैनींना दोनदा हाक मारली. एसटीची वेळ झाल्याने थांबता आले नाही. पाणी त्यांनी घेतले की तिथेच गार झाले, ते इथे बसून मला समजत नाही.