डब्यांखालचे कागद

मी नागपूरची, महालातली. वडील शाळेत शिपाई होते, आम्ही तिघी बहिणी, मी बारावी शिकली आन लग्न झालं, नवरा कॅनडात केंब्रिजला गाड्यांच्या कारखान्यात, तर मीही इकडं आली. नेहा इथंच झाली. काय सांगू तुम्हाला, पोट्टी हुशार, पण बारावीच्या वर्षी आजारी पडली, मार्क कमी आले, युनिव्हर्सिटीनं घेतलं नाही, मग गेली दोन वर्षांच्या कॉलेजात. इथं कॉलेज म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खालचं समजतात, आपल्याकडच्यासारखं नाही. माझ्या नणंदेचा रोहन युनिव्हर्सिटीत, तर ती मार्कहॅमहून दर फोनला विचारायची, नेहाचं अजून कॉलेजच का गं. मी हो ताई म्हणायची आन विषय बदलायची.

नेहा मात्र मान मोडून अभ्यास करून राहिली होती. दुसऱ्या वर्षी म्हणाली, आई, मी ट्रान्सफरला अप्लाय केलं, युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला बसता येते, फक्त कोणत्या विषयात काय शिकवलं त्याचे छापील कागद दाखवायचे, नाही तर पहिल्यापासून सुरू. आन ते कागद बेसमेंटमध्ये खोक्यात होते. म्हणजे दिवाळीपर्यंत होते.

आता आपली दिवाळीची सफाई तुम्हाला माहीत आहे, डबे उतरवायचे, फळ्या पुसायच्या, नवा कागद अंथरायचा. मला वाटलं झालेल्या विषयांचे कागद, आता काय कामाचे, मी कात्रीनं मापात कापले आन अंथरले. कॉलेजात विचारलं तर ते म्हणे जुने आम्ही ठेवत नाही.

नेहा तशीच फळ्यांपाशी गेली. डाळी, पोहे, तिखट, एकेक डबा तिनं खाली घेतला, यांनी टेप आणली, आन आम्ही तिघं किचनमध्ये जमिनीवर बसून तुकडे जुळवले. स्टॅटिस्टिक्सचा तेवढा तेलाच्या डब्याखाली होता, त्यातलं एकही अक्षर वाचता येईना.

युनिव्हर्सिटीत मी हट्टानं सोबत गेली. गाडीत नेहा समोर बघतच बोलली, आई, रोहनदादाचे पेपर असते तर यू वुड हॅव कट देम? मी खिडकीबाहेर बर्फ पाहत बसली.

काउंटरवरच्या बाईनं हळदीचे डाग पाहिले, टेप पाहिली. मी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये म्हटलं, मिस्टेक माय, शी गुड गर्ल. नेहा लाजून अर्धी झाली. ती बाई हसली नाही, एकेक पान नीट वाचलं, आन सगळे विषय धरले, स्टॅटिस्टिक्स सोडून. तो विषय पोट्टीनं उन्हाळ्यात पुन्हा केला, मला एका शब्दानं बोलली नाही.

आता ती दूर कनाटा गावात नोकरी करते, दर रविवारी फोन करते, आई जेवलीस का, बर्फ शोव्हल करू नको, कंबर दुखेल. देवानं तिला सुखात ठेवावं. तिनं गाडीतलं ते पुन्हा कधी विचारलं नाही आन मीही सांगितलं नाही. तुम्ही लिहून घेऊन राहिले ना, मग हे लिहा, ती वाचेल तरी. रोहनचे असते तर मी कात्री लावली नसती. ताईंसारखं माझ्याही मनात होतं, बाई.