काचेला बोट लावू नकोस

नाही, मला एक सांगा, बल्ब कशासाठी असतो? लावायला ना? मग आमच्या घरातला बल्ब महिना महिना कपाटात, स्वच्छ रुमालात गुंडाळून, माझ्या सर्टिफिकिटांच्याही वरच्या खणात का असायचा... हे बाबांना विचारायची सोय नव्हती. बाबा मेडिकल कॉलेजच्या हॉलमधले प्रोजेक्टरवाले. तीस वर्षं डॉक्टरांच्या लेक्चरला स्लाइड्स दाखवल्या, मग कॉलेजात नवी यंत्रं आली आणि जुना प्रोजेक्टर यांच्या गळ्यात. सोबत बल्ब एकच, शेवटचा, कारण कंपनीनं तो बनवायचाच सोडला. मी दुकानं पालथी घातली, तर दुकानदार काय म्हणतो, "साहेब, बल्ब कसला शोधताय, मशीनच काचेच्या कपाटात ठेवा."

आणि त्या बल्बचे नियम, तुम्हाला सांगतो! काचेला बोट लावू नकोस, बोटाचं तेल राहतं, तिथंच काच जास्त तापते आणि फुटते. दिवा बंद केलास तरी पाच मिनिटं फॅन चालू ठेव. गरम मशीन हलवू नकोस. सारखं चालू-बंद करू नकोस. आणि पुन्हा, काचेला बोट लावू नकोस. अहो, मला तापात कपाळाला हात लावताना हा माणूस एवढा जपला नाही.

स्लाइड्स कसल्या? आईच्या. तरुणपणीच्या, बाबांनी काढलेल्या, चाळीस. महिन्यातून एकदा, दहा मिनिटं, बस. आई म्हणायची, "अहो, ती हिरव्या स्वेटरमधली परत लावा ना." "पुढच्या महिन्यात. बल्ब तापलाय." ती बिचारी स्वतःचाच चेहरा बघायला महिनाभर थांबायची. आणि एका महिन्यात नाही थांबली. गेली. बल्ब ठणठणीत.

त्यानंतर बाबा दर रविवारी लावायला लागले, बल्ब मशीनमध्येच राहू लागला, पण दहाच मिनिटं हं, अकरावं नाही! आणि मग काचबिंदू. आधी कडेचं दिसेना, मग मधलं, शेवटी उजेड आहे की अंधार तेही कळेना. बल्ब राहिला, डोळे गेले... सांगा, कुणावर चिडायचं?

तरी रविवार चुकला नाही. दुपारी पडदे ओढायचे, मी स्लाइड लावायची आणि सांगायचं. "काय दिसतंय?" "आई." "हसतेय?" "हसतेय." "दात दिसतायत?" "हो." "मग ती तळ्याकाठची. मघाशी बाग म्हणालास, नीट बघत जा." दिसत यांना नाही आणि चुका माझ्या! बायको म्हणते, "तुम्हाला मेलं एक काम धड सांगता येत नाही."

येत नाहीच. एका रविवारी मला कुठंतरी जायची घाई होती. दिवा बंद केला, फॅनही लगेच बंद केला, आणि तसंच गरम मशीन उचलून कपाटावर ठेवलं. काचेला बोट लावू नकोस... नाही लावलं हो, शपथेवर सांगतो! पण पुढच्या रविवारी बटण दाबलं, टक् झालं आणि भिंत काळी. "कसला आवाज?" बाबा म्हणाले. "स्लाइड अडकली," मी म्हणालो.

खोटं बोललो. काय सांगणार होतो? तेव्हापासून चार रविवार फॅन घरघरत ठेवतो आणि काळ्या भिंतीकडे बघून आई सांगतो. बाग, तळं, स्वेटर. माझं मलाच रडू येतं, पण आवाज सरळ ठेवतो.

परवाच्या रविवारी फॅन घरघरत असताना बाबा म्हणाले, माझी खुर्ची मशीनजवळ घे. घेतली. बोलता बोलता त्यांनी मशीनच्या पाठीवर तळहात ठेवला. ठेवला तो ठेवलाच. तीस वर्षं त्या मशीनशी काढलेला माणूस, त्याला काय कळायचं राहतंय?

"गार आहे," ते म्हणाले.

मी फॅन बंद केला.

"कधी गेला?"

"महिना झाला, बाबा. माझ्याच हातून."

बाबा खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "मग दहा मिनिटांत कशाला आटपतोस? लाव पहिल्यापासून सगळ्या. आता काही बल्ब जायची भीती नाही."

लावल्या. चाळीसच्या चाळीस. काय करणार...