सोबत्याची सही

…नाही, मला एक सांगा, पहाटे पाच वाजता पिंप्राळ्याच्या रस्त्यावर गप्पा मारायला माणूस आणायचं कुठून? तुम्हाला सांगते, पुण्यात नदीचं पाणी उतरलं, आमच्या कॉलेजच्या शर्यतीच्या बोटी शेडमध्ये पालथ्या पडल्या, आणि सर म्हणाले, "सुट्टीत घरी जाऊन दम वाढवा. रोज दहा किलोमीटर, सावकाश. सावकाश म्हणजे किती? धावताना बोलता आलं पाहिजे! शब्द तुटला की समजा, वेग जास्त झाला." वर हातात एक वही! तारीख, अंतर, आणि तिसरा रकाना… सोबत्याची सही. म्हणजे ही शेवटपर्यंत बोलत होती, याचा साक्षीदार! जूनमध्ये वही बघून ठरणार, चौघींच्या बोटीत माझी जागा राहते की त्या लंबूटांग सुनंदाला जाते.

बाकीच्या सगळ्या पुण्याच्या. एकत्र धावतात, खिदळतात, एकमेकींच्या वहीत सह्या करतात. आणि मी? जळगावात, मे महिन्यात!

खोटी सही? सुचलं हो, पण सरांच्या तोंडावर खोटं बोलायला दहा किलोमीटरपेक्षा जास्त दम लागतो. आईला म्हटलं, चल. "नळाच्या वेळेला?" शाळेतली लता दोंडाईच्याला दिलेली, तिला चार पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं, "बाळाला दात येताहेत." संपलं पत्र!

मग काय, एकटीच बोलत सुटले. धावताना बोलता आलं पाहिजे ना! पाढे म्हटले, कॉलेजातलं अर्थशास्त्र म्हटलं, फाटकापाशी उभ्या म्हशीला नमस्कारसुद्धा घातला. तर पुढ्यात शेजारच्या झुंबरअक्का, कमरेवर हात: "काबर पयस वं पोरी? मांगे कुत्रं लागनं का?" म्हटलं, अक्का, कुत्रं नाही लागलं, होडी वल्हवायला दम लागतो, म्हणून पळते. "होडी? अनि गिरनाम्हा पानी कोठे शे?" खरंच, मे महिन्यात आमची गिरणा नदी कोरडी ठणठणीत!

संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीत झालं, की पोरगी एकटीच बडबडत पळते, बघा कुणाला दाखवून! आमचे वडील, आबा, घरात येरझाऱ्या घालताहेत, "लोक काय म्हणतील?" अहो आबा, म्हणू द्या ना! पण माझ्याशी म्हणू द्या! एक जण तरी बोला माझ्याशी!

शेवटी आबांनी सोबत दिली. कौतिकनाना! आबांचे चुलते, रिटायर पोस्टमास्तर, जुनी सायकल, कॅरिअरला काठी. तुम्हाला सांगते, इतका आनंद मला पदक मिळालं तेव्हासुद्धा झाला नव्हता. माणूस मिळाला, माणूस!

दुसऱ्या दिवशी धरणगावच्या रस्त्याला लागलो आणि मी जी सुरू झाले… नाना, चार वल्ही एकदम पाण्यात पडली ना, की एकच आवाज होतो, छप्, आणि आपण कुठे संपतो, दुसरी कुठे सुरू होते तेच कळत नाही… नाना, इथे घरात आम्ही आठ माणसं, पण मी पुण्यात नक्की करते काय, हे एकानं विचारलेलं नाही… नाना, तुम्हाला कधी असं होतं का हो, भरल्या घरात…

नाना म्हणाले, "हो, ऊन होईल आता. चल."

चला तर चला. नानांचा स्वभावच तसा असेल. पाच किलोमीटर जाताना, पाच येताना, एक शब्द तुटला नाही, धाप नावाला नाही! धावताना बोलता आलं, सर! दारात पोहोचल्या पोहोचल्या वही पुढे केली. आता नानांनी नुसती सही करावी की नाही? नाही! पोस्टमास्तर! चष्मा पुसला, टाक असल्यासारखं बॉलपेन झटकलं, आणि सहीच्या वर टपोऱ्या अक्षरांत शेरा मारला:

"मुलगी सबंध रस्ता बोलत होती. काय बोलत होती, ते मला गेली सहा वर्षे ऐकू येत नाही."

…म्हणजे पास झाले हो मी! सरांनी बोलायला सांगितलं होतं. कुणी ऐकलं पाहिजे, असं ते कुठे म्हणाले होते?