दोघींपुरते शिरवाळे

नाही रे बाबा, हे खोबरं तुझ्यासाठी नाही. तुझी पेज झाली ना मघाशी? आणि सुकटीची चटणी दोनदा मागून घेतलीस — मग? बस, बस जरा, असा उंबऱ्यात उभा राहू नकोस, मला उजेड लागतो. नौबत एकदाच वाजलीय अजून. दुसरी वाजली की निघायचं, तोपर्यंत काय घाई आहे? माझं गाठोडं? बांधते ना. एक लुगडं, एक घोंगडी, एक तांब्या — त्याला काय वेळ लागतो? चूलही विझवते, माहीत आहे मला, चूल पेटती ठेवून कोणी जात नाही. हा एवढा नारळ खवून झाला की सगळं करते. तू आपला त्या कोंबडीकडे लक्ष दे, टोपलीखालून निसटली तर माडावर जाऊन बसेल आणि मग तुझी वरात निघेल गावभर.

तुला गंमत वाटते ना या सगळ्याची? वाटणारच. मी परळला चाळीत राहायचे — म्हणून तर तुझ्याशी ही असली भाषा बोलता येते, नायतर माझ्या जावेचं, जानकीचं, अर्धं बोलणं तुला कळत नाही, नुसता मान हलवतोस — तर चाळीतल्या बायकांना मी सांगितलं, की आमच्या गावात देवाने कौल दिला की अख्खा गाव घरंदारं सोडून शिवेबाहेर जातो, माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, पाळण्यातलं पोर, सगळी — झावळांच्या झोपड्या घालून राहतात, तीन दिवस, आणि मागे गावात एक जीव ठेवत नाहीत — तर त्या हसल्या. म्हणाल्या, आणि चोर? अगो, चोर कसला येतोय! तेवढे दिवस गाव माणसांचा नसतो. देवाचा असतो, आणि देवाच्या माणसांचा. आचऱ्याला पण आहे गावपळण, आमच्याच गावाचं वेड नाही काही. पण तुमच्या त्या शेतीच्या केंद्रातल्या मास्तरांना पुस्तकात कुठे मिळाली नसेल ती. त्यासाठीच तर पाठवतात ना तुम्हाला? जा, गावात राहा, त्यांच्या ताटात जेवा, त्यांच्या चिखलात उतरा, सांगू नका काही, आधी बघा आणि ऐका. असंच ना? पाठ आहे मला. तुझ्या आधीचा रोज म्हणायचा.

हां, धोंडीराम. नाव ऐकलंयस ना? कोणी सांगितलं? भावजींनी? त्यांनी काय सांगितलं, की आजारी पडला आणि निघून गेला — एवढंच ना? मला वाटलंच. गंगारामभावजी गावासाठी जीव टाकणारा माणूस, पण ही गोष्ट त्यांच्या तोंडून पुरी निघायची नाही. अरे, तो घाटावरचा पोरगा, भाकरी खाणारा. आमचा भात बघून पहिले दिवस रडकुंडीला आलेला. पण गुणी हो! भाताच्या रोपांना गादीवाफा कसा करायचा ते दाखवायला आला होता, दाखवलंन ते नंतर — आधी महिनाभर गप्प आमच्याबरोबर लावणीला वाकला. तुझ्यासारखा एका घरी नाही राहिला तो, तेव्हा तुमच्या केंद्राची रीत वेगळी होती. निजायला शाळेच्या मागची खोली आणि जेवायला वार लावलेले. सोमवार भावजींकडे, गुरुवार लक्ष्मीकडे, असं करत शनिवार माझा. म्हणजे कसं, सगळ्या गावाचा झाला पाहिजे माणूस. झाला. सगळ्यांचा झाला.

आणि मग कौल मिळाला. अशीच नौबत वाजली, असाच मार्गशीर्ष. निघताना कशी धांदल असते ते तू बघतोच आहेस बाहेर. कोणाची गाय अडून बसलीय, कोणाची म्हातारी गाडीत चढत नाही, कोणाचं पोर हरवलंय आणि तेवढ्यात सापडलंय. शिवेबाहेर गेलो, झोपड्या घातल्या, गजाली सुरू झाल्या — बायकांना तर माहेरी आल्यासारखं वाटतं बघ, ना सारवण ना दळण. आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मी येऊन मला विचारते, धोंडीराम तुझ्याकडे जेवतो का गो? म्हटलं, नाही, आज माझा वार नाही, तुझ्याकडे असेल. ती म्हणते, माझ्याकडे कशाला? जानकीकडे असेल. जानकी म्हणते, माझ्याकडे नाही, मला वाटलं तो लक्ष्मीच्या गाडीत बसला. कळतंय का तुला? घरटी प्रत्येकाला वाटलं, की तो दुसऱ्याबरोबर आहे. वार लावलेला माणूस ना — आणि शिवेबाहेर कुठला आलाय वार! तो पोरगा शाळेच्या खोलीत तापाने फणफणत पडलेला, त्याला नौबत ऐकूसुद्धा गेली नाही.

जायचं ना मागे? मी पण तेच म्हटलं. सगळ्या बायका तेच म्हणत होत्या, ओरडत होतो आम्ही. पण देवाला विचारल्याशिवाय शीव ओलांडायची नाही. कौल लावला — देव देईना. पुन्हा लावला, देईना. भावजी त्या वडाखाली बसून राहिले, जेवले नाहीत, पाणी घेतलं नाही, गावाकडे तोंड करून नुसते बसले. म्हणून तर यावेळी त्यांनी तुला तिथे उभं राहायला सांगितलंय, की घरवार डोकी मोज, एकही माणूस आत राहता नये. आपल्या पोराला नाही सांगितलं, गावातल्या कोणाला नाही. तुला सांगितलं. हसू नकोस, मोठा मान आहे तो. तुझे केंद्रातले साहेब ऐकतील तर खूष होतील.

मेला? कोण, धोंडीराम? छे रे! तेच तर. परत आलो तेव्हा मी सगळ्यांच्या पुढे धावले. शाळेत नव्हता. कुठे होता ठाऊक आहे? इथे. या माझ्या ओट्यावर, आत्ता तू बसलायस ना, तिथेच. अंगात ताप नाही. ओठ सुकून साल निघालेली, डोळे आत गेलेले, आणि मला बघून हसला. म्हटलं, माझ्या लेकरा, तीन दिवस उपाशी राहिलास रे! तर म्हणतो, नाही काकी, उपाशी कशाला? वाराप्रमाणे जेवलो की. म्हणतो, गाव कुठे रिकामं होतं? दिवसा कोणी दिसत नव्हतं, पण दिवेलागणीला सगळी घरी आली. लक्ष्मीकाकूंकडे एक आजोबा होते, एका कानात भिकबाळी, त्यांनी पान लावून दिलं. लक्ष्मीने कुठला कान ते विचारून घेतलं. तिचा सासरा, जाऊन कित्येक वर्षं झालेला. आणि मग धोंडीराम मला म्हणाला, काल शनिवार, तुमच्याकडे जेवलो. तुमच्या मुलीने वाढलं.

थांब हां. हात दुखायला लागला. खोबरं खवायची ही आदोळी बोथट झाली आहे, धार लावून घेतली पाहिजे.

माझी आनंदी. नाही, तुला कोणी सांगितलं नसेल. आमच्या घरात तिचं नाव घेत नाहीत. हे मुंबईहून येतात गणपतीला, त्यांच्यासमोर तर नाहीच नाही. पावसात ताप आला तिला, खाडी भरलेली, होडी सुटेना, आणि मग नुसतं बघत बसायचं. सात वर्षांची होती. धोंडीराम गावात यायच्या कितीतरी आधी, त्याच्या आधीची पळणसुद्धा व्हायची होती तेव्हा. डावखुरी होती मेली. सगळं डाव्या हाताने, फुलं काढायची ती डाव्या हाताने, देवाला वाहायची ती डाव्या हाताने. वाढायला घेतलं की मी हातावर चापट द्यायचे — डाव्या हाताने वाढतात का गो कोणाला, लोकांच्या घरी गेल्यावर काय म्हणतील! तर ती जीभ चावायची आणि पळी या हातातून त्या हातात घ्यायची. आणि तो धोंडीराम, माझ्या तोंडाकडे बघत, सरळ सांगतो — तुमच्या मुलीने डाव्या हाताने वाढायला घेतलं, मग जीभ चावली आणि हात बदलला.

तापात बडबडला असेल. हो, डॉक्टरही तेच म्हणाला. कोणीतरी कधीतरी त्याच्याजवळ बोललं असेल — असेल, मी कुठे नाही म्हणते? मी स्वतः आधी चूल बघितली. त्याच्याशी बोलणं टाकून आत धावले आणि चुलीत हात घातला. गार. सारवून गेले होते तशीच होती, राखेचा कण नव्हता. भांडी पालथी. मला समजतं रे सगळं, मी काय खुळी नाही. पण बाहेर आले तर तो तिथे बसून ढेकर देत होता.

आणि एक बोलला. ते मी कोणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. म्हणाला, काकी, तुम्ही तिला एकटीला ठेवून का जाता? ती मला विचारत होती. काय विचारत होती रे, म्हटलं. तर त्याला आमची भाषा धड येत नव्हती, पण ते त्याने जसंच्या तसं म्हटलं. म्हणाला — "आये खंय गेली? मी मागच्या येळेक पण इलंय. मी येतंय, नि घरात कोण नाय."

मी येतंय, नि घरात कोण नाय.

समजतंय ना तुका? आमी सगळी जातों, ढोल वाजवीत, हसत, झोपड्यांत गजाली मारूक — आणि तेवढ्याच दिवसांत ती येता. माझा चेडू येता आणि दार उघडून हाका मारता. वर्षभर मी हयसर बसलंय, ह्या चुलीसमोर, तेव्हा येणत नाय. तेव्हा गाव माणसांचा. आणि ज्या दिवसांत ती येता त्या दिवसांत मी शिवेभायर! दोनदा इली रे ती. दोन पळणी. काय वाटला असेल तिका? आवशीन टाकल्यान, असाच वाटला असेल मां?

नको, पाणी नको. बरी आहे मी. बोलता बोलता घसरले, तुला कळलं का सगळं? कळलं, तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय. धोंडीरामाला त्याच आठवड्यात तुमच्या केंद्राची गाडी घेऊन गेली. नोकरी सोडली म्हणतात त्याने, गावी शेती करतो. बरं झालं. त्याला तुमच्या मास्तरांनी शिकवलं होतं ना, गावात मिसळून जा — तो जरा जास्तच मिसळला.

आता कशाला बघतोस खोबऱ्याकडे? हो, रस काढायचा आहे. तांदळाचे उंडे उकडायला टाकलेत, साचा पुसून ठेवलाय त्या कोपऱ्यात. शिरवाळे. गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायची ती, आणि हनुवटीवरून ओघळायचं सगळं. जास्त नाही करत. दोघींपुरते.

बस खाली! ओरडू नकोस. भावजींना हाक मारलीस तर बघ — बघ हां. पुन्हा कौल द्यायला देवाला किती वर्षं लागतील, कोणी बघितलंय? मी काय अमरपट्टा घेऊन आलेय? यावेळी कौल मिळाला तेव्हा देवळात सगळ्या बायका गाऱ्हाणं घालत होत्या, मी काही मागितलं नाही. फक्त म्हटलं, म्हाराजा, तू सगळ्यांचा आसस, माका माझ्या घरात ऱ्हवाक दी. देव रागावेल, रागावू दे. त्याला मी सांगेन काय सांगायचं ते. तो पण कोणाच्या तरी पोटचाच असेल ना?

तू नाही थांबायचं. खुळा आहेस का? तुला आई आहे नाशकाला, तू सांगितलंस परवा, वाट बघत असेल ती. तू जायचं, वडाखाली उभं राहायचं आणि डोकी मोजायची, भावजींनी सांगितलंय तशी. जानकी विचारील, वैनी खंय? मी लक्ष्मीच्या गाडीत. लक्ष्मी विचारील — मी जानकीबरोबर. हो, अगदी तसंच. मागे त्यांच्याकडून आपसूक झालं, आता मी मुद्दाम करतेय, एवढाच फरक. तुला खोटं बोलायचं नाही? नको बोलूस. गप्प राहा. तुम्हाला शिकवलंयच ना गप्प राहायला. तू गप्प राहिलास की जो तो आपलं आपण समजून घेईल.

आणि भावजींनी तोंडावर विचारलंच, तर सांग — नर्मदाकाकीच्या घरातलं कोणीही मागे एकटं राहिलेलं नाही. ते खोटं नाही होणार. खोटं होणार नाही रे, देवाशपथ.

वाजली बघ. दुसरी नौबत. ऊठ, कोंबडी घे — अशी नाही, पाय धर दोन्ही. रडू नकोस, पुरुषासारखा पुरुष! बाहेर लोक बघतील. ही घोंगडी पण घे, रात्री शिवेबाहेर गारठा असतो. माझं गाठोडं समजतील, बरंच झालं.

जा. दार ओढून घे, पण बाहेरून कडी घालू नकोस. तिचा हात पोचत नाही तिथपर्यंत.

जा म्हटलं ना.